गायिकेचा आवाज घरात खरा उमटावा म्हणून

वाचकाचे पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून वरूड तालुक्यातील एका गावात राहतो. निवृत्तीनंतर हौसेने स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन लहान स्पीकर घेतले. गाणी मोबाइलवरून ब्लूटूथने लावतो. पुरुष गायक बरे वाजतात. पण किशोरीताई, लताबाई, आशाबाई यांचे आवाज वर गेले की टोचतात आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरे कानात घुसतात. दुकानदार म्हणतो, स्पीकर बदला. मुलगा म्हणतो, आधी चांगले रेकॉर्डिंग लावून पाहा. पत्नी म्हणते, यापेक्षा आपला रेडिओ बरा होता. गायिकांचे उत्तम ध्वनिमुद्रण असलेले अल्बम कोणते, ते ओळखावेत कसे आणि तबकड्या वाजवण्याचे यंत्र घ्यावे काय, याविषयी मार्गदर्शन करावे.

आदरणीय गुरुजी,

स. न. वि. वि.

दुकानदाराच्या आधी मुलाचे ऐकावे, असे मी म्हणेन. मात्र चांगले ध्वनिमुद्रण आणि आवडते गाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या पत्रात त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. ज्या आवाजांवर आपली पिढी वाढली त्यांची कितीतरी अजोड गाणी तांत्रिकदृष्ट्या सामान्य प्रतीची आहेत. उलट अत्यंत नेटके ध्वनिमुद्रण असलेले काही अल्बम असेही आहेत की, ते एकदा ऐकल्यावर पुन्हा लावावेसे वाटत नाहीत. म्हणून आधी चार-पाच अल्बम असे निवडावेत, ज्यांच्या मुद्रणाविषयी शंका घ्यायला फारशी जागा नाही. ते आपल्या घरी नीट वाजले तर स्पीकर निर्दोष ठरतील, आणि मग बाकीची गाणी त्यांच्या गुणदोषांसह निवांतपणे ऐकता येतील.

स्त्रीच्या आवाजातच दोष का जाणवतो, हे आधी सांगतो. गाणाऱ्या स्त्रीच्या आवाजाचा मूळ स्वर साधारणतः २०० ते १००० हर्ट्झ या पट्ट्यात फिरतो. परंतु त्या आवाजाला त्याची ओळख देणारे उपस्वर त्याच्या कितीतरी वर पसरलेले असतात आणि ‘स’, ‘श’ यांची शीळ बहुधा ५००० ते ८००० हर्ट्झच्या आसपास येते. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झ या भागात सर्वांत तिखट असतो. आपल्या लहान स्पीकरमध्ये मोठ्या पडद्याकडून लहान पडद्याकडे, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे, आवाज सोपवला जातो तो सांधाही सहसा २००० ते ३००० हर्ट्झच्या जवळपास असतो. म्हणजे कान जिथे सर्वांत जागा, नेमका तिथेच स्पीकरचा जोड, आणि गायिकेच्या आवाजाचे तेजही तिथेच. पुरुषाच्या आवाजाचे वजन खालच्या भागात असल्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रकार बराच झाकला जातो.

वहिनी रेडिओविषयी म्हणतात ते या दृष्टीने अगदी बरोबर आहे. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी गाणे ऐकले ते मुख्यतः मध्यम लहरींवर. या लहरींवर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ पोहोचतच नाही. त्यामुळे ‘स’ची शीळ, तबल्याच्या किनारीचा टणत्कार आणि तानपुऱ्याच्या जवारीची, म्हणजे तारांच्या झणझणत्या गुंजनाची, चमक हे सारे वाटेतच गळून जात असे आणि उरलेला आवाज गोड लागत असे. आता तो वरचा भाग प्रथमच घरात आला आहे, त्याच्या बऱ्या-वाईट अंगांसह.

अल्बम शोधायला बसण्यापूर्वी एक बिनखर्चाचा प्रयोग करावा. दोन्ही स्पीकरच्या मधोमध, त्यांच्याच उंचीवर वहिनींना बसवावे आणि एखाद्या पुस्तकाचे पानभर वाचन करायला सांगावे. त्यांना ओवी किंवा भजन म्हणायला संकोच वाटत नसेल तर फारच उत्तम. आपण नेहमीच्या जागी बसून डोळे मिटून ऐकावे. त्या खोलीत, त्या जागेवरून आलेला बाईचा खरा आवाज कसा असतो, याचा इतका विश्वसनीय नमुना कोणत्याही अल्बममध्ये सापडायचा नाही. त्यांचाही आवाज खणखणत असेल, शब्दांच्या शेपट्या घुमत असतील, तर दोष खोलीचा आहे. आपल्या भागातील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि कवेलूंची छपरे आवाज फारसा परत फेकत नसत. नव्या घरात स्लॅब, गिलाव्याच्या भिंती आणि चकचकीत टाइल्स यांच्यामध्ये वरचे स्वर आपटत राहतात, आणि टिनाखाली तर विचारूच नये. यावर महागडे फलक लावण्याची गरज नाही. पिंजून घ्यायची म्हणून महिनोन्महिने कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली रुईची गादी प्रत्येक घरात असते. ती स्पीकरच्या समोरच्या, म्हणजे आपल्या पाठीमागच्या भिंतीला उभी टेकवावी, मधल्या जमिनीवर जाड सतरंजी अंथरावी आणि स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्यावेत. कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाला आवाज शोषणारी वस्तू विकत आणावी लागू नये.

दुसरी गोष्ट ब्लूटूथची. या मार्गाने गाणे पाठवताना ते पुन्हा एकदा आकसून पाठवले जाते आणि त्यात वरच्या स्वरांचे बारकावे आधी जातात. मोबाइलला हेडफोनची जागा असेल तर तिथून, नसेल तर यूएसबीला जोडायचा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचे तारेतून जाणाऱ्या ध्वनिसंकेतात रूपांतर करणारे उपकरण, घेऊन साध्या तारेने ॲम्प्लिफायर जोडावा. मोबाइलमधील इक्वलायझर, ‘डॉल्बी’, ‘बास बूस्ट’ यांसारख्या सर्व सोयी बंद कराव्यात, आणि ज्या ॲपवर आपण ऐकता त्याच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा सर्वांत वरचा निवडून गाणी आधीच उतरवून ठेवावीत. गावात दिवसा नेट कमकुवत झाले की बरीच ॲप्स न सांगता हलक्या दर्जाचे गाणे वाजवतात, आणि आपण मात्र गायिकेला किंवा स्पीकरला बोल लावत बसतो.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळतो. गायिकेचे गाणे चांगले मुद्रित झाले आहे याची पहिली खूण म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर शाबूत असणे. गाणारी बाई कुजबुजते तेव्हा ती लांब गेल्यासारखी वाटावी आणि तार सप्तकात स्वर लावते तेव्हा खोली भरून जावी. १९९० नंतर सगळेच गाणे मोठ्याने वाजावे म्हणून हे अंतर दाबून टाकण्याची चाल जगभर पडली. सुटा कापूस जिनिंगमध्ये दाबून त्याची गाठ बांधावी तसे ते गाणे होते: माल तेवढाच, पण त्यातली हवा गेलेली. ॲडेल या ब्रिटिश गायिकेचा २०११ सालचा ‘२१’ हा अल्बम याचे ठळक उदाहरण आहे. आवाज असामान्य, विक्री अफाट. पण चांगल्या संचावर तो सलग ऐकताना कान थकतात, आणि संच जितका स्वच्छ तितका हा थकवा अधिक. अलीकडील पुष्कळशी हिंदी-मराठी चित्रपटगीतेही याच जातीची आहेत. त्यांच्यावरून स्पीकरची परीक्षा करू नये.

दुसरी खूण तानपुऱ्याची, आणि आपल्या संगीतापुरती मला ती सर्वांत भरवशाची वाटते. गायिका श्वास घेण्यासाठी थांबते त्या क्षणी मागे काय उरते, तिकडे लक्ष द्यावे. तानपुऱ्याची जवारी अखंड, तारा मोजता याव्यात इतकी स्पष्ट ऐकू येत असेल तर मुद्रण आणि त्याची पुढची प्रत दोन्ही चांगली आहेत. गायिका थांबताच मागे एकदम पोकळी पडत असेल किंवा तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा वाटत असेल, तर जुन्या फितीची खरखर काढण्याच्या नादात कोणीतरी संगीतही पुसले आहे. थोडी खरखर असलेली प्रत मी केव्हाही अधिक पसंत करतो. कान पाच मिनिटांत तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, परंतु गेलेली जवारी परत येत नाही.

किशोरी आमोणकरांपासून सुरुवात करावी. भूप आणि बागेश्री हे राग एका बाजूला एक अशा रीतीने असलेली त्यांची एचएमव्हीची ध्वनिमुद्रिका, जी भूपातल्या ‘सहेला रे’ या बंदिशीमुळे घराघरांत पोहोचली, ती आपल्याकडे असेलच. तिच्यात आवाज हा केंद्रस्थानी आहे, साथ बेताची आहे, आणि स्वर हळूहळू मोठा करत नेण्याची त्यांची रीत आपल्या संचाला कस लावणारी आहे. चांगल्या प्रतीत त्यांचा तार षड्ज भेदक वाटतो, टोचत नाही. या दोहोंतला फरक आपल्याला कळू लागला की अर्धे काम झाले. प्रभा अत्रे यांची मारू बिहाग आणि कलावती असलेली ध्वनिमुद्रिका हीही याच कामाची, आणि त्यांचा आवाज मुळात अधिक मऊ असल्यामुळे ती जर आपल्याकडे कर्कश वाजली तर गडबड खात्रीने अलीकडची, म्हणजे तार, खोली किंवा स्पीकर यांतली आहे. वीणा सहस्रबुद्धे आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या १९९० नंतरच्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रणांत खरखर नाही आणि तानपुरेही स्वच्छ असतात. मैफलींच्या ध्वनिमुद्रणांपेक्षा ती आधी ऐकावीत. मैफलीत सभागृहाच्या लाउडस्पीकरांचा आवाज माइकमध्ये शिरतो. गाणे त्यात अनेकदा अधिक रंगलेले असते, परंतु परीक्षेसाठी ते उपयोगाचे नाही.

आशाबाईंचे म्हणाल तर दोन अल्बम सुचवतो. एक, उस्ताद अली अकबर खाँ यांच्यासोबतचा ‘लेगसी’. त्यात खाँसाहेबांनी परंपरेने आलेल्या बंदिशी आशाबाईंकडून गाऊन घेतल्या आहेत आणि त्या अल्बमला ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले होते. चित्रपटातील वाद्यमेळाची गर्दी बाजूला सारल्यावर हा आवाज जवळून कसा असतो, त्यातला श्वास आणि खर्जातला दाणा कसा असतो, हे तिथे कळते; शेजारी सरोद असल्यामुळे तारेचा आघातही तपासता येतो. दुसरा, श्रीधर फडके यांच्या संगीतातला ‘ऋतू हिरवा’. मराठी भावगीतांमध्ये नीटनेटक्या, मोकळ्या ध्वनिमुद्रणासाठी मी तो पुढे करेन, आणि शब्द आपल्या भाषेतले असल्याने ‘स’ आणि ‘श’ खटकतात की नाही हे ताबडतोब लक्षात येते.

लताबाईंच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणे सांगावे लागते की, ज्या गाण्यांसाठी आपण त्यांना डोक्यावर घेतो ती १९५० आणि १९६०च्या दशकांतली बहुतेक चित्रपटगीते मोनो, म्हणजे एकमार्गी मुद्रित झालेली आहेत, आणि तीही सारा वाद्यवृंद व गायिका एकाच वेळी वाजत-गात असताना. ती दोन्ही स्पीकरांच्या मधोमध एका ठिकाणाहून आल्यासारखी वाटतील. ते दोष मानू नये. किंबहुना एक मोनो गाणे लावून आवाज बरोबर मध्ये उभा राहतो की एका बाजूला सरकतो, हे पाहिले तर स्पीकरची मांडणी तपासता येते. परीक्षेसाठी जगजित सिंग यांच्यासोबतचा १९९१ सालचा ‘सजदा’ घ्यावा. त्यात आवाजाभोवती प्रतिध्वनी माझ्या मते गरजेपेक्षा थोडा अधिक आहे, पण मुद्रण स्वच्छ आहे. चित्रा सिंग यांचा आवाज आवडत असेल तर १९८७ साली डिजिटल पद्धतीने मुद्रित झालेला ‘बियाँड टाइम’ ऐकावा. त्या काळातील हिंदी गैरफिल्मी अल्बमांत त्याचे मुद्रण वेगळे उठून दिसते.

इंग्रजी गाणी आपण ऐकता की नाही, ते पत्रात नाही. शब्द कळले नाहीत तरी दोन-तीन अल्बम जवळ असू द्यावेत, कारण स्पीकर पारखणारे जगभर त्यांचाच आधार घेतात. नोरा जोन्स या पंडित रविशंकर यांच्या कन्या. त्यांचा २००२ सालचा ‘कम अवे विथ मी’ पियानो, गिटार आणि अगदी सहज लावलेला आवाज यांवर उभा आहे. जेनिफर वॉर्न्स यांचा १९८७ सालचा ‘फेमस ब्लू रेनकोट’ तर ध्वनिसंचांच्या दुकानांत इतका वाजला आहे की विक्रेत्यांना तो पाठ असेल. मला स्वतःला सर्वांत कुतूहल वाटते ते ‘द ट्रिनिटी सेशन’चे. काउबॉय जंकीज या कॅनडातील वाद्यवृंदाने नोव्हेंबर १९८७ मध्ये टोरोंटोच्या एका चर्चमध्ये एकाच स्टिरिओ माइकभोवती बसून हा अल्बम मुद्रित केला. गायिका मार्गो टिमिन्स यांचा आवाज, वाद्ये आणि त्या उंच छताखालची हवा हे सारे एकत्र ऐकू येते. खोली नीट लागली असेल तर स्पीकरच्या मागे भिंत नसून मोकळी जागा आहे, असा भास होतो. नंतर ध्वनिमेळ बदलण्याची सोय नसताना वादकांनी कुठे बसावे यावरच सारे ठरले, हे ध्यानात घेऊन ऐकावे.

एक सावधगिरीही सांगतो. केवळ उंची ध्वनिसंच विकण्यासाठी तयार झालेले गायिकांचे संकलित अल्बम पुष्कळ मिळतात. त्यांत माइक ओठांना जवळजवळ चिकटवलेला असतो. त्यामुळे खर्ज फुगतो, जिभेचा ओला आवाज आणि प्रत्येक श्वास वेगळा काढून दाखवल्यासारखा येतो. दुकानात पाच मिनिटे त्याची भुरळ पडते. परंतु समोर बसून गाणारी कोणतीही बाई आपल्याला इतक्या जवळून कधी ऐकू येत नाही. वहिनींचे वाचन ऐकलेल्या कानाला हे लगेच जाणवेल.

निवडलेला अल्बम कोणत्या प्रतीत ऐकावा, हा मुद्दा अल्बमच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात. आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांचे ‘केव्हातरी पहाटे’ हे हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेले आणि आशाबाईंनी गायलेले गाणे नेटवर शोधून पाहावे. कंपनीने अधिकृतपणे ठेवलेली प्रत, कोणी कॅसेटवरून चढवलेली प्रत, ‘रीमास्टर’ म्हणून आवाज वाढवलेली प्रत असे प्रकार एखाद्या जुन्या गाण्याचे हमखास सापडतात. झंकार बीट्स घालून त्याची वाट लावलेली आवृत्तीही कधी हाती येते. शक्य असतील त्या दोन-तीन प्रती आवाजाची पातळी सारखी ठेवून एकामागून एक ऐकाव्यात, कारण जी जराशी मोठी वाजते ती नेहमीच चांगली भासते. सीडी मिळाली तर ती घ्यावी आणि मुलाकडून तिची लॉसलेस, म्हणजे आवाजातले काहीही न गाळणारी, फाइल करून घ्यावी. सीडीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हा दर्जा घरगुती ऐकण्याला पुरून उरतो; त्याहून मोठे आकडे छापलेली फाइल दाबलेल्या मुद्रणाची असेल तर त्या आकड्यांचा काही उपयोग नाही.

ऐकण्याच्या वेळेविषयी आपण विचारलेले नाही, पण सांगणे आवश्यक वाटते. एप्रिल-मेमध्ये कुलर चालू असताना गायिकेचे हळुवार स्वर त्याच्या घोंघाटात बुडतात, म्हणून माणूस आवाज वाढवतो. त्याच सुमारास वावरातले पंप सुरू असल्याने व्होल्टेज खाली आलेले असते आणि साध्या ॲम्प्लिफायरची ताकद त्यामुळे आणखी घटते. मग आलाप संपून गाणे वर चढले की ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेबाहेर जातो आणि ध्वनिलहरींची टोके कापली जातात. कानाला ते नेमके टोचण्यासारखेच लागते. आपली तक्रार पावसाळ्यात किंवा थंडीत, कुलर बंद असताना कमी होते काय, हे आठवून पाहावे. होत असेल तर स्पीकर बदलून काहीच साध्य होणार नाही; आवाज बेताचा ठेवून स्पीकरच्या जवळ बसणे हा उपाय अधिक चांगला आहे.

तबकड्या वाजवण्याचे यंत्र सध्या घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तबकडीच्या शेवटच्या, मध्याकडच्या खाचांत ‘स’, ‘श’ फाटण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणजे ज्या त्रासासाठी आपण पत्र लिहिले तोच तिथे वाढू शकतो. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, बंद खोलीत आडव्या-तिडव्या ठेवलेल्या तबकड्या वाकतात, आणि रस्त्याकडेच्या घरात बाराही महिने धूळ असते. वाकलेली तबकडी सरळ होत नाही. जुन्या तबकड्या आता हौसेच्या किमतीला विकल्या जातात आणि त्यांतल्या बऱ्याच बोथट सुईखाली झिजलेल्या असतात, जे बाहेरून पाहून नेहमी कळत नाही. ही सारी काळजी घेण्याची तयारी असेल तर पुढे अवश्य विचार करावा. तोवर काही शे रुपयांची तार आणून भूपाची ती ध्वनिमुद्रिका अधिकृत प्रतीत उतरवून घ्यावी, गादी भिंतीला लावावी आणि कुलर बंद करून ऐकावी. त्यानंतरही तार षड्ज टोचत असेल तर स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांची नावे व खोलीची लांबी-रुंदी कळवावी. तेव्हा दुकानदाराच्या म्हणण्याचा विचार करू.